टेलला पाणी टेकेपर्यंत

दिवाळीचा आकाशकंदील उतरवला की माझे पाय बेचैन होतात. हसू नका, खरंच पायच. डोकं शाहूपुरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसलेलं असतं, बोटं कीबोर्डवर असतात, आणि टेबलाखाली पाय चप्पल काढतात, घालतात, पुन्हा काढतात. समोर बसणारा विनायक माझा भागीदार. आम्ही दोघांनी मिळून ही बारकी कंपनी काढली. तो दरवर्षी एकदा तरी विचारतो, "सुजाता, तुझ्या टेबलाखाली मुंग्या लागल्यात काय गं?" मी म्हणते, "व्हय." त्याला काय सांगायचं? पाण्याची वेळ आली, एवढंच.

कोल्हापुरात राहणाऱ्याला हे दिवस कॅलेंडर न बघता कळतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून निघतात, रस्त्यावर उसाच्या कांड्या पडतात. वडगावच्या बाजूला गेलं की गुऱ्हाळाचा वास येतो, आधी गोड आणि मग जरा करपट. सकाळी वारणेच्या काठानं धुकं असतं. पावसानं जमिनीत ठेवलेली ओल याच सुमाराला संपते, आणि नदीचं पाणी उचलून रानांना द्यायला सुरुवात होते. त्याला आमच्याकडे फेर म्हणतात. गावच्या पाणी संस्थेचा फेर सुटला की माझ्या फोनवर मेसेज येतो, "व्हॉल्व्ह सात: उघडा."

हा मेसेज मीच लिहिलेल्या प्रोग्राममधून येतो. तो आता चुकत नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. तरी मेसेज वाचून मला बसवत नाही. उठून खिडकीशी जाते, पाणी पिते, परत येते, पुन्हा फोन बघते. चार वर्षांपूर्वीच्या एका हंगामानं लावलेली ही खोड आहे. ती जावी असंही मला वाटत नाही.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं त्या संस्थेचे पाटकरी होते. नदीवरच्या मोटारीनं पाणी वर चढवायचं, पाइपातून रानोरान न्यायचं, आणि कुणाच्या वाटणीला किती वेळ द्यायचं ते व्हॉल्व्ह उघडून-मिटून सांभाळायचं, हे पाटकऱ्याचं काम. त्यांच्याकडे लोखंडी चावी होती, कमरेएवढी उंच, वर आडवी मूठ. सायकलच्या दांडीला ती बांधून आण्णा निघाले की लोक म्हणायचे, "पाणी निघालं." माझ्या आज्जाच्या वेळी आमच्या वस्तीतल्या बायका गावच्या विहिरीपासून लांब घागर धरून उभ्या राहायच्या, कुणाला दया आली तर वरून ओतायचा. त्याच आज्जाच्या पोराच्या हातात अख्ख्या गावाच्या पाण्याची चावी आली. आण्णा यावर कधी भाषण करायचे नाहीत. चावी मात्र रोज रात्री तेलाच्या फडक्यानं पुसून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचे. खिळ्याला एक आणि जादाची एक कोपऱ्यात, अशा दोन चाव्या आमच्या घरात असायच्या.

त्यांची एक रीत होती. व्हॉल्व्ह उघडला म्हणजे पाणी दिलं, असं ते मानत नसत. उघडून सायकलवर बसायचे आणि पाइपाच्या पार शेवटाला जायचे. त्या शेवटाला सगळे टेल म्हणतात. तिथे चपला काढून सरीत अनवाणी उभे राहायचे. पाणी पायाला लागलं की मगच वहीत वेळ लिहायची आणि हाळी द्यायची, "टेकलं गाऽऽ!" शेजारच्या रानातला माणूस तीच हाळी पुढे द्यायचा, तो त्याच्या पुढच्याला, असं करत ती नदीवरच्या मोटारीपर्यंत जायची. पुढे मोबाईल आले तरी हाळी थांबली नाही. कुणी म्हणालं, "पाटकरी, इथनं फोन करून सांगा की पाणी सोडलं म्हणून," तर आण्णा म्हणायचे, "सोडलं ते मला म्हाईत हाय. टेकलं का ते नगो बघाय?"

शाळेला सुट्टी असली की मी मागच्या कॅरिअरवर असायची. टेलला पोचल्यावर आम्ही दोघं पाइपाच्या तोंडाशी उभे राहायचो. आधी हवा यायची, घरातलं कुणी दमून बसताना टाकतं तसा उसासा. मग वाळका पाला, कधी एखादं बेडूक, वैतागलेलं. मग लालसर गढूळ धार, आणि मग पाणी. थंडीतलं ते पाणी पायाला लागलं की मी किंचाळायची, आणि माझ्या किंचाळण्यावरच कितीदा पलीकडच्या रानातून हाळी पुढे जायची. आण्णा खोटं खोटं रागवायचे. "मी अजून सांगितलं न्हाय, तवर ही पाटकरीण सांगून मोकळी!"

टेलचं रान हौसाक्काचं. आवाज असा की नदीपलीकडं ऐकू जावा. ती म्हणायची, "टेलचं रान म्हंजे घरातली धाकटी सून, पावणं. समद्यांचं जेवण झाल्यावर उरलं तर तिला." ती आण्णांना तीस वर्षं पावणंच म्हणत आली, आणि आण्णा तिचं रान भिजल्याशिवाय घरी आले नाहीत.

मी इंजिनियर झाले, पुण्यात नोकरी केली, परत आले. एकदा जेवताना आण्णांनी विचारलं, "दिवसभर त्या डबड्यात डोकं घालून बसतीस, नेमकं करतीस काय?"

मी भाकरी ठेवून सांगायला लागले. "चिपच्या आत बारकं बारकं कप्पं असत्यात आण्णा. त्यास्नी रजिस्टर म्हणत्यात. परत्येकाला पत्ता असतोय, घर नंबरसारखा. एका कप्प्यात एक लिहिलं की मोटार फिरती आणि व्हॉल उघडतोय. शून्य लिहिलं की मिटतोय."

"कुणीबी लिवावं?"

"न्हाय. फोनवरचं ॲप त्याला हात लावू शकत न्हाय. ऑपरेटिंग सिस्टीम लावूच देत न्हाय. त्यासाठी एक येगळा प्रोग्राम असतोय, ड्रायव्हर. बाकीच्यांनी त्याला सांगायचं, आणि कप्प्याला हात त्यानंच लावायचा."

"मंजे पाटकरीच की."

मला इतका आनंद झाला! पुण्यात एवढी वर्षं काढून हे इतकं सोपं मला कुणाला सांगता आलं नव्हतं. "व्हय आण्णा, पाटकरीच!"

"मग लिवल्यावर त्यो टेलला जातोय का?"

मी हसले. आज आठवलं तरी मान खाली जाते, पण हसले. "आण्णा, विजेचा वेग हाय त्येला. लिहिलं की झालं."

"आसंल," आण्णा म्हणाले. आमच्या घरात 'आसंल' याचा अर्थ 'पटलं नाही' असा असतो.

पुढच्याच वर्षी संस्थेनं आमच्याकडून व्हॉल्व्हवर यंत्रं बसवून घेतली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पत्र्याच्या पेट्या बनल्या, त्यात आमचा बोर्ड, बॅटरी, वर सोलरची पाटी. रानात वीज कुठली? तेवढ्या बॅटरीवर सगळं भागवायचं. टेलला पाणी आलं का हे सांगणारा सेन्सर पहिल्या वर्षी खर्चाच्या कात्रीत गेला. चेअरमन म्हणाले, "ॲपात दिसतंय की उघडलंय ते. अजून काय पायजे?" मीही मान हलवली. मग त्यांनी आण्णांना सांगितलं, पाटकरी, आता टेलला जायचे हाल नकोत, फेर सुरू असताना संस्थेच्या ऑफिसात बसा, फोनवर बघा. चावी जमा करून घेतली. घरातली जादाची चावी कोपऱ्यातून खिळ्यावर आली. ती आण्णांनी पुसणं काही सोडलं नाही.

मी खूश होते. आता या वयात आण्णांना थंडीत अनवाणी उभं राहायला नको, एवढंच मला दिसत होतं. लेकीनं बापाचे पाय कोरडे केले म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्या थंडीत धुकं फार होतं. आठ-आठ दिवस दहा वाजेपर्यंत सूर्य दिसायचा नाही. सोलरच्या पाट्या ओल्या फडक्यागत पडून असायच्या. एका सकाळी हौसाक्का संस्थेच्या ऑफिसच्या दारात येऊन ओरडली की पाणी आलं नाही. ॲपात बघितलं तर टेलचा व्हॉल्व्ह सात चार तास उघडा. तिला तिथल्यांनी सांगितलं, मधल्या कुणीतरी ओढलं असेल. पुढच्या फेरालाही तेच झालं. तिची उसाची नवी लागण, बोटभर वर आलेली, पिवळी पडायला लागली.

संस्थेची सभा भरली. मला यंत्रवाली म्हणून बोलावलं. आण्णा भिंतीला टेकून बसले होते, टोपी गुडघ्यावर.

चेअरमननी विचारलं, "ताई, मशीन खोटं बोलतं का?"

"न्हाय," मी म्हणाले. "जे झालंय तेच दावतं."

मी हे अगदी ठामपणे म्हणाले, बघा. मला माझ्या कामाचा गर्व होता आणि तो आवाजात होता.

"मग मशीननं उघडलं, आणि पाणी आलं न्हाय. म्हंजे कुणीतरी हातानं मिटलं." चेअरमन कुणाचं नाव न घेता थांबले. मागून एकजण म्हणाला, "जादाची चावी हाय की एका घरात." त्यावर आणखी कुणीतरी जे बोललं ते मी इथे लिहीत नाही. ते सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच ऐकलं नाही असं केलं. आण्णांनी टोपी डोक्याला घातली आणि उठून गेले.

मी घरी आले तेव्हा आई आत होती. आण्णा सोप्यात बसलेले. मी उभ्या उभ्याच विचारलं, "आण्णा, तुमी हात लावलेला का?"

किती साधा प्रश्न. मला वाटलं मी फक्त विचारतेय. माझ्या मनात असं होतं की ते 'न्हाय' म्हणतील आणि माझी एक शंका मिटेल, मग मी पुढचं शोधायला मोकळी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. सांजेला परक्या गावात एसटी चुकलेला माणूस फलाटावर बघतो तसं बघितलं. मग उठले, खिळ्यावरची चावी काढली, फडक्यानं पुसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याच्या हाती ऑफिसला पाठवून दिली. त्यानंतर ते ऑफिसलाही गेले नाहीत. भिंतीवर रिकामा खिळा राहिला. आईनं तिथं पिशवी अडकवली, आण्णांनी ती काढून ठेवली.

मग ते दिवस सुरू झाले. हा लेख लिहिताना मला वाटत होतं की त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहीन. बसले तर आठवतं ते एवढंच, की मला कुठेच बसवत नव्हतं. व्हॉल्व्ह सातचा बोर्ड काढून शाहूपुरीला आणला. टेबलावर मोटार जोडली. हुकूम दिला, मोटार फिरली. शंभरदा दिला, शंभरदा फिरली. खाली रस्त्यावर हॉर्न, जिन्यात कुणाच्या तरी बिर्याणीचा वास, विनायक म्हणतोय, "बोर्ड चांगला हाय. तुझ्या वडिलांनी..." आणि माझं तोंड बघून त्याचं गप्प होणं. मला त्याचा राग आला. पण त्यानं अर्ध्यात सोडलेलं वाक्य मी घरी पूर्ण बोलून आले होते, त्याला काय बोलणार? मी रस्त्यावर उतरायची, चौकापर्यंत जायची, परत यायची. चहा मागवायची आणि प्यायची नाही. गावी जेवायला बसलं की आण्णा ताटातलं संपवून उठायचे, एक शब्द नाही. मी आपली चिपचं पुस्तक घेऊन बसायची, आठशे पानांचं. कुठल्या कप्प्यात काय लिहिलं की काय होतं, ते सगळं त्यात असतं, आणि ते सगळं कुणी वाचत नाही.

सापडलं ते आपोआप. एका दुपारी चार्जर निघालेला माझ्या लक्षात आलं नाही आणि बोर्डाची बॅटरी उतरत गेली. मी सवयीनं हुकूम दिला. पडद्यावर आलं, "उघडा." मोटार जागची हलली नाही.

मी पडद्याकडे बघितलं, मोटारीकडे बघितलं, परत पडद्याकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

झालं होतं असं. ड्रायव्हर कप्प्यात आकडा लिहितो म्हणजे खरं तर तो आकडा रवाना करतो. चिपच्या आत एक वाट असते, आकडा त्या वाटेनं जातो, आणि ड्रायव्हर तो पोचायची वाट न बघता पुढच्या कामाला लागतो. एरवी आकडा डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतो, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. पण बॅटरी उतरली की चिप स्वतःला सावकाश करते, वाटही सावकाश होते. आणि मी, बॅटरी वाचवायची म्हणून, लिहिल्या लिहिल्या पुढच्याच ओळीत चिपचा तो भाग झोपवत होते. त्या ओळीचं मला फार कौतुक होतं, विनायकला बोलावून दाखवली होती. आकडा पोचेपर्यंत दार बंद झालेलं असायचं, आणि तो वाटेतच विरायचा. ड्रायव्हर मात्र स्वतःच्या टिपणात लिहून मोकळा, 'उघडा'. ॲप त्याचं टिपण वाचायचं. कुणी खोटं बोलत नव्हतं. फक्त टेलला कुणी जात नव्हतं.

एवढ्यावर भागलं नाही. हुकूम पोचला नाही तर चिप एका कप्प्यात तशी खूण करून ठेवते. ती खूण मला आठ दिवस का दिसली नाही? तर काही कप्पे असे असतात की एकदा वाचले की आपोआप कोरे होतात. आणि माझा ड्रायव्हर जागा झाल्याबरोबर, जुनं काही शिल्लक नको म्हणून, असले सगळे कप्पे एकदा वाचून टाकायचा. स्वच्छतेची आवड! घर झाडताना मी रोज पुरावाच केरात टाकत होते. ती ओळ काढली आणि खूण दिसली, लखलखीत.

पुस्तकात ते लिहिलेलं होतं. बारीक अक्षरांत, एका तक्त्याच्या खाली, मी न वाचताच उलटलेल्या पानावर: लिहिल्यावर तोच कप्पा परत वाचा, मगच हा भाग झोपवा. वाचायला गेलं की आधीचं लिहिलेलं पोचल्याशिवाय उत्तर येत नाही. बस, एक ओळ. आण्णांनी जेवताना तेच विचारलं होतं, आणि त्यांनी चिपचं पुस्तक बघितलेलं नव्हतं.

मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू, काडी पेटून विझेल एवढा वेळ निव्वळ आनंद झाला. मग आण्णांचं ते बघणं आठवलं, आणि लाज वाटली. इतकी की मी टेबलावर डोकं टेकवून रडले, आणि विनायक पाण्याचा ग्लास माझ्या कोपराशी ठेवून हळूच बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढच्या सभेत मी उभी राहिले. म्हणाले, चूक माझी आहे, माझ्या प्रोग्रामची आहे, पाटकऱ्यांनी चावीला हात लावला नव्हता. चोर सोडून तुम्ही संन्याशाला सुळी दिलीत, आणि चोर मी. चेअरमन म्हणाले, "असूंदे पोरी. मशीन हाय, चुकतंय." मागचा तो माणूस बशीत चहा ओतून पीत होता. त्यानं मान वर केली नाही. हौसाक्का मात्र सगळ्यांदेखत म्हणाली, "पावण्याच्या पायाला जे कळत हुतं ते तुमच्या फोनला कळंना, आणि आरोप कुणावर? माज्या लागणीचं सोडा, माणसाचं काय?" यावर सभा पुढच्या विषयावर गेली.

चेअरमन स्वतः चावी घेऊन आमच्या घरी आले. आण्णांनी त्यांना चहा दिला. म्हणाले, "आता गुडघं दुखत्यात वो." त्यांचे गुडघे दुखत नाहीत. रोज विहारापर्यंत चालत जातात आणि येताना भाजी घेऊन येतात. चावी चेअरमनबरोबर परत गेली.

आणि मी? ज्या दिवशी बिघाड सापडला त्या दिवशी घरी जाऊन मी म्हणाले होते, "आण्णा, सापडलं." त्यांनी विचारलं, "काय हुतं?" मी तासभर सांगितलं. वाट, वेग, झोप, खूण पुसणारा कप्पा. ते ऐकत राहिले, मधेमधे हुंकार देत. मी सगळं सांगितलं, एक वाक्य सोडून. ते सभेत चाळीस जणांपुढे सांगितलं. आण्णा सभेत नव्हते. मी धरून चालले की कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत जाईल.

गेलं का? चार हंगाम झाले, मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटते. एकदा विचारून मी त्या माणसाच्या चेहऱ्यावरून काय पुसून टाकलं, ते मी बघितलेलं आहे.

आता टेलला सेन्सर आहे. ड्रायव्हर लिहितो, परत वाचतो, मगच झोपतो. गेल्या चार वर्षांत हौसाक्काचं रान एकदाही कोरडं राहिलं नाही. तरी दरवर्षी पहिल्या फेराला मी गाडी काढते आणि जाते. विनायकला सांगते, साइटवर जाऊन येते. त्याला ठाऊक आहे.

यंदा मंगळवारी सुटला फेर. नऊ वाजून गेले होते, धुकं विरत होतं. मी बांधावर चपला काढल्या आणि सरीत उतरले. हौसाक्का पलीकडून ओरडली, "आलीस व्हय पाटकरणी? फोनवर दिसत न्हाय का?"

"दिसतंय की."

"मग कशाला गारठाय आलीस?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही, वाकून कामाला लागली. खिशात फोन वाजला, व्हॉल्व्ह सात उघडा. मी उभी राहिले. नळीच्या तोंडातून तो उसासा आला. मग पाला. मग लाल धार, आणि मग पायाला पाणी. गार. यावेळी मी किंचाळले नाही. आण्णांना फोन लावला.

"आण्णा, टेलला हाय मी. आलं पाणी."

"फोनवर आलं का पायाला लागलं?"

"पायाला."

"नळीपाशी धर फोन."

मी वाकून फोन धारेजवळ धरला. परत कानाला लावला तर ते म्हणत होते, "अर्ध्या दाबानं हाय ते. आवाज पोकळ येतोय. मधला पाच नंबरचा व्हॉल गळत असणार, जाताना बघ." चार वर्षं त्यांनी पाण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी नुसती "व्हय" म्हणाले. त्यांच्या बाजूला कुकरची शिट्टी झाली. आता ते फोन ठेवतील, आणि मग परत एक वर्ष. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

"आण्णा, त्या दिवशी मी तुमाला विचारलं. हात लावलेला का म्हणून."

पलीकडं कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"विचाराय नगो हुतं. मला ठाऊक असाय पायजे हुतं. चुकलं माजं. सभेत बोलले मी, पण तुमच्यापुढं न्हाय बोलले."

"हौसाक्कानं सांगितलंतं त्याच दिशी," आण्णा म्हणाले. "म्हटलं, हिच्याकडनं कवा येतंय बघूया."

पाणी माझ्या पायांवरून हौसाक्काच्या सरीत शिरत होतं, आणि मी फोन कानाला गच्च दाबून उभी होते. कितीतरी वेळानं, मला वाटलं त्यांनी ठेवला असेल, इतक्या वेळानं मी विचारलं, "आण्णा? पोचलं का?"

"टेकलं," आण्णा म्हणाले. मग घसा खाकरून, "भाईर निघ आता. पाय पूस. गार असतंय ते पाणी."